मोंबासातील एक दिवस : बाजार, देरासर आणि फोईचा चुडा

परदेशातून रिकाम्या हाताने परतणे आपल्या घरांत अद्याप शिष्टसंमत मानले जात नाही. निघणाऱ्याच्या हाती यादी पडते. सासरची माणसे, माहेरची माणसे, पेढीवरचे मुनीमजी, शेजारच्या बंगल्यातील मुले, आणि शिवाय ‘काही आणू नका’ असे आवर्जून सांगणारे, ज्यांच्यासाठी सर्वांत आधी आणावे लागते. ज्या गावी आपले नातलग असतील तेथे त्यांच्या घरी न जेवता परतणे हा तर अपराधच. त्यामुळे प्रवासातील एक संपूर्ण दिवस खरेदी आणि नातेवाईक यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो. छापील प्रवासवर्णनांत हा दिवस सहसा सापडत नाही. तेथे किल्ले, धबधबे आणि सिंह असतात. मला मात्र परका देश खराखुरा कळतो तो याच दिवशी, कारण या दिवशी आपण भाव विचारतो आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसतो.

जैन कुटुंबाच्या खरेदीला आणखी एक अडचण असते. कोणत्याही बंदरातील पर्यटकांचा बाजार पाहावा. तेथील निम्मा माल कोणत्या तरी प्राण्याच्या अंगावरून काढलेला असतो. चामड्याच्या चपला, शिंपले, कवड्या, पिसांचे पंखे, मोत्यांच्या माळा, मधाच्या बाटल्या. हे सगळे वगळून उरलेल्यातून निवड करायची, तीही अशी की घेणाऱ्याला ‘नियमामुळे काहीतरी आणले’ असे वाटता कामा नये.

गेल्या जानेवारीत आम्ही केनियाला गेलो होतो. वन्य प्राणी पाहून झाले आणि शेवटचे दोन दिवस मोंबासासाठी ठेवले, कारण तेथे माझी फोई राहते. आमचे घराणे मूळचे हालारचे, म्हणजे जामनगरच्या आसपासच्या बावन्न गावांपैकी एका गावचे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ हालारी ओसवालांच्या पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिला आहे. त्या सुमारास शेती सोडून कोणी गलबतात बसले, कोणी मुंबईची वाट धरली. पुढे आमची एक शाखा भिवंडीच्या मागांपाशी स्थिरावली आणि मराठी शाळेत शिकली. दुसरी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकानदार झाली. फोई १९६८ साली भिवंडीहून लग्न होऊन मोंबासाला गेली. तेव्हाचा प्रवास ‘करांजा’ बोटीचा. आठ-दहा दिवस समुद्र, आणि मग एकदम माडांची रांग.

मोंबासा हे बेट आहे. शहराच्या मुख्य रस्त्यावर, मोई अव्हेन्यूवर, दोन्ही बाजूंनी दोन-दोन प्रचंड सुळे उभे राहून वर एकमेकांना छेदतात. त्यांखालून मोटारी जातात. १९५० च्या दशकात ब्रिटिश राजघराण्यातील भेटींच्या निमित्ताने ही कमान उभारली गेली. मोंबासाला आलेला प्रत्येक माणूस येथे छायाचित्र काढतो, आम्हीही काढले. सुळे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आहेत. मात्र पत्र्याचे सुळे उभारण्यासाठी याच गावाची निवड का झाली, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शतकानुशतके या किनाऱ्यावरून खरे सुळे बाहेर गेले, आणि त्यांतील मोठा वाटा मुंबईच्या बंदरात उतरला. त्याकडे पुढे येतेच.

सकाळी आम्ही प्रथम बेटाबाहेर, विमानतळाच्या रस्त्यावरील चांगाम्वे येथे गेलो. तेथे अकांबा कारागिरांची सहकारी संस्था आहे, १९६३ साली स्थापन झालेली. मोठ्या झाडांच्या सावलीत ओळीने पडव्या आहेत आणि प्रत्येक पडवीत माणसे पाय पसरून लाकूड तासत बसलेली असतात. एक जण ओबडधोबड आकार काढतो, दुसरा नाकडोळे कोरतो, तिसरा पॉलिश कागदाने घासतो. कांबा लोकांत ही कला मुटिस्या मुंगे नावाच्या माणसाने आणली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो आजच्या टांझानियात गेला होता आणि तेथील कोरीवकाम पाहून शिकला. त्याच्या गावाने ती उचलली आणि आज पर्यटकाच्या पिशवीत जो लाकडी जिराफ दिसतो तो बहुधा त्या परंपरेतला असतो.

विकत घेताना लाकडाचे नाव विचारावे. काळेभोर, जड, चकचकीत लाकूड म्हणजे म्पिंगो. ते फार सावकाश वाढते आणि बेसुमार तोडीमुळे दुर्मिळ झाले आहे. काही विक्रेते साध्या लाकडाला बुटाचे काळे पॉलिश लावून तेच म्पिंगो म्हणून विकतात. पांढरा रुमाल थोडा ओला करून घासला की खरे-खोटे कळते, हे आमच्या यजमानांनी कोणालाही न विचारता शोधून काढले. कापडाचा रंग तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते सुचायचेच. अलीकडे बरेच कारागीर आंबा आणि कडुनिंब वापरतात. कडुनिंबाला स्वाहिलीत ‘म्वारोबाइनी’ म्हणतात. ‘अरोबाइनी’ म्हणजे चाळीस. चाळीस रोगांवर चालणारे झाड. निंब आपल्याकडून तिकडे गेला आणि तेथे त्याने स्वतःचे नाव कमावले. आम्ही निंबाच्या लाकडाचे सहा वाडगे आणि एक पोळपाटासारखा गोल पाट घेतला. हत्ती-सिंहांच्या आकाराची बिस्किटेही बाहेर एका टपरीवर होती. नातवंडांसाठी ती हातात घेतली आणि परत ठेवली. यशोधर राजाच्या पिठाच्या कोंबड्याची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना कारण सांगायला नको.

तेथेच एका फळीवर पांढऱ्याशुभ्र बांगड्या मांडल्या होत्या. मी थबकलेली पाहताच विक्रेत्याने तत्परतेने खुलासा केला : ‘मामा, हे हस्तिदंत नाही, अगदी कायदेशीर आहे. हे गाईचे हाड आहे!’ (‘मामा’ म्हणजे तिकडे आई, आदरार्थी.) त्याच्या दृष्टीने याहून मोठी हमी नव्हती. आमचे चेहरे पाहून तो बिचारा गोंधळला. शेवटी त्याने नारळाच्या करवंटीच्या बांगड्या पुढे केल्या आणि व्यवहार सुरळीत झाला.

तेथून बेटावर परतून बियाशारा स्ट्रीटवर. ‘बियाशारा’ म्हणजेच व्यापार, तेव्हा हा आपला रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानांसमोर कांगा टांगलेले असतात. येथील लोक त्यांना लेसो म्हणतात. हे सुमारे दीड मीटर लांबीचे छापील सुती कापड नेहमी जोडीने विकले जाते. एक कमरेला, एक डोक्यावर किंवा पाठीवर मूल बांधायला. भोवती काठ, मध्ये मोठे चित्र, आणि खालच्या बाजूला एका चौकटीत छापलेले वाक्य. त्या वाक्याला ‘जिना’, म्हणजे नाव, म्हणतात आणि गिऱ्हाईक कापडाइतकेच ते वाक्य पारखून घेते. सासूला द्यायचा कांगा वेगळा, शेजारणीला टोमणा मारायचा वेगळा. दुकानदार हसत हसत अर्थ सांगत होता. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, म्हणजे थोडे थोडे करून माप भरते. हे मुनीमजींच्या पत्नीसाठी ताबडतोब घेतले. दुसरी एक म्हण त्याने आम्ही पाहुणे आहोत असे कळल्यावर मुद्दाम ऐकवली : पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आमचा मुक्काम दोनच दिवसांचा होता.

यजमान मात्र म्हणींकडे लक्ष न देता कापडाचा काठ बोटांत धरून चाचपत होते. पोत ओळखीचा आहे, असे त्यांचे म्हणणे. काठावरील बारीक अक्षरे वाचली तेव्हा उलगडा झाला : माल भारतीय होता. सौराष्ट्रातील जेतपूर येथे पूर्व आफ्रिकेसाठी कांगा आणि किटेंगे छापले जातात, हे आमच्या धंद्यातील लोकांना ऐकून ठाऊक असते. पण भिवंडीहून चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर येऊन, शिलिंगांत मोल देऊन तेच कापड भेट म्हणून परत नेताना मौज वाटली. सासूबाईंच्या यादीत ‘तिकडचे काहीतरी’ असे लिहिलेले होते. मी तो कांगा घेतलाच. त्यावरील वाक्य तिकडचे होते, ते गिऱ्हाइकांनी शंभराहून अधिक वर्षे पारखून घडवलेले होते, आणि कापडावर छाप कोठे उमटली यावर त्याचे गाव ठरत नाही, असे माझे मत आहे. यजमानांचे मत वेगळे आहे.

या रस्त्यावर भाषाही ओळखीची भेटत राहते. दुकानाला ‘दुका’, लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, गोणीला ‘गुनिया’. १९२० पर्यंत येथे चलन म्हणून रुपयाच चालत होता. आपल्या वाडवडिलांनी या किनाऱ्यावर देवळे बांधली, शाळा बांधल्या, पण सर्वांत टिकाऊ काही ठेवले असेल तर ते हे हिशेबाचे शब्द असावेत.

मारिकिती या जुन्या मंडईत फार वेळ घालवला नाही. केनियाचा चहा घेतला, काजू घेतले, आणि मुलांसाठी माबुयू, म्हणजे साखर आणि तांबडा रंग लावलेल्या गोरखचिंचेच्या बिया. त्या चघळल्यावर जीभ लाल होते, एवढेच त्यांचे भांडवल. कसाव्याचे तिखट काप हा मोंबासाचा खरा लौकिक आहे, पण तो कंद. तेव्हा शेजारच्या कढईतील कच्च्या केळ्यांचे काप बांधून घेतले. दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी दिली नाही. २०१७ पासून केनियात तशा पिशव्यांवर बंदी आहे आणि ती लोक खरोखर पाळतात. सामान कांग्यातच बांधले.

देरासर लांगोनी रस्त्यावर, जुन्या वस्तीला लागून आहे. १९६३ साली बांधलेले हे शिखरबद्ध संगमरवरी मंदिर दमट उन्हातून आत शिरताच पायांना थंड लागते. मूळनायक पार्श्वनाथ. ज्या वर्षी केनिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी ते पुरे झाले. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना लोकांनी शिखरावर ध्वजा चढवली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच परवान्यांचे आणि नागरिकत्वाचे नवे कायदे आले आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेली हजारो भारतीय कुटुंबे लंडनची विमाने धरू लागली. १९६८ चा आरंभ म्हणजे त्या गर्दीचा कळस. आणि त्याच वर्षी फोई वधू म्हणून बोटीतून उतरली. ‘मी आले तेव्हा सगळे निघाले होते,’ असे ती सांगते, ‘धक्क्यावर मला घ्यायला आलेल्या पाच जणांपैकी तिघे वर्षभरात गेले.’

फोईचे घर गंजोनीत आहे. फुवा चार वर्षांपूर्वी गेले. हार्डवेअरचे दुकान आता आतेभाऊ पाहतो. जेवायला दुपारचे दोन वाजले. बाजरीचे रोटले, कढी, कच्च्या केळ्यांचे शाक, आणि म्बाझी : नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. ही येथील घराघरांतील न्याहारी. फोईने तिच्यातून कांदा काढून टाकला, हिंग-कढीलिंब घातले आणि पन्नास वर्षांपूर्वीच ती आपली करून टाकली. तिचा चौविहार आहे. भारतात आपण ऋतूप्रमाणे पंचांग पाहून सूर्यास्ताची वेळ काढतो, आणि लेस्टर-लंडनच्या नातलगांचे तर हाल. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार, उन्हाळ्यात रात्री नऊनंतरही ऊन. मोंबासा विषुववृत्ताच्या जवळ असल्याने बारा महिने सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यानच मावळतो. ‘या गावाने माझे एवढे काम हलके केले,’ असे फोई म्हणाली.

चहा झाल्यावर आम्ही पिशव्या सोडून खरेदी दाखवू लागलो. हा सोहळा असतोच : प्रत्येक वस्तू हातातून हातात फिरते, भाव विचारला जातो आणि ‘फसलात’ असे सांगितले जाते. करवंटीच्या बांगड्या निघाल्या तेव्हा मी हाडाच्या बांगड्यांची हकीकत सांगितली. सारे हसले. फोई हसली नाही. तिने स्वतःचे मनगट पाहिले आणि म्हणाली, ‘माझ्या हातात तर हत्तीच होता.’

सौराष्ट्र, कच्छ, मारवाड या भागांत नववधूला हस्तिदंती चुडा घालण्याची रीत होती, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या जुन्या छायाचित्रांत दिसते. त्यासाठीचा बराचसा दात आफ्रिकेचा. अठराव्या शतकात दीव-दमणचे वाणी व्यापारी मोझांबिकला कापड नेत आणि बदल्यात हस्तिदंत आणत. त्यांत वैष्णव होते तसे जैनही होते. पुढे झांझिबार-मोंबासाचा माल मुंबईला उतरू लागला. फोईचा चुडा तिच्या आईने जामनगरला करवून घेतला होता. म्हणजे कोण्या हत्तीचा दात या किनाऱ्यावरून कच्चा गेला, आणि कातला जाऊन, लाल रंगवला जाऊन, एका मुलीच्या मनगटावर बसून त्याच बंदरात परत उतरला.

श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, ज्यांत फार मोठी हिंसा होते असे धंदे. उपासकदशांग सूत्रात, आनंद श्रावकाच्या अध्ययनात ती यादी येते; बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात तिचा विस्तार केला. दंतवाणिज्य हे त्यांतील एक. आचार्यांचा रोख विशेषतः उत्पत्तीच्या ठिकाणी जाऊन दात, केस, नखे, हाडे, चामडे खरेदी करण्यावर आहे. टीकाकार कारणही देतात : व्यापारी येणार, पैसे देणार, असे कळले की वनातील लोक त्याच्यासाठी हत्ती मारतात. मागणी पुरवठ्याला कशी जन्म देते हे याहून नेमके कोणत्या व्यापाऱ्याने सांगावे? आणि वंदित्तु सूत्रात, प्रतिक्रमणाच्या वेळी, ही नावे दर वेळी उच्चारली जातात. ‘अठ्ठेचाळीस वर्षे,’ फोई म्हणाली, ‘मी “दंत” शब्द म्हणत होते आणि हात जोडले की चुडा वाजत होता. मला ऐकू आले नाही.’

तिला ऐकवले ते नातीने. १९७९ साली आफ्रिकेत सुमारे तेरा लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांत ते निम्म्यावर आले. जुलै १९८९ मध्ये केनियाने बारा टन हस्तिदंत जाळून जगाचे लक्ष वेधले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा ठराव झाला. भारतात देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने थांबला. ३० एप्रिल २०१६ रोजी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात पुन्हा एकशे पाच टन दात जाळले गेले. त्यापूर्वी सरकारने नागरिकांना घरातील हस्तिदंत दंडाविना जमा करण्यासाठी थोड्या दिवसांची मुदत दिली होती. नात शाळेतून ते ऐकून आली आणि जेवताना विचारती झाली, ‘बा, तुझ्या कपाटात आहे तो पण द्यायचा ना?’

घरात तीन दिवस वाद झाला. फुवांचे म्हणणे, व्रत व्यापाराचे आहे. आपण कधी विकले नाही, तू फक्त घातलेस, आणि तो हत्ती मरून साठ वर्षे झाली. आतेभावाचे म्हणणे, आठवण म्हणून ठेवू, कोणाला दाखवू नये म्हणजे झाले. दोघांचेही चूक नव्हते असे फोई आजही म्हणते. तिच्या आईची तेवढी एकच वस्तू तिच्यापाशी होती. चौथ्या दिवशी तिने तो पांढऱ्या रुमालात बांधला आणि फुवांनाच बरोबर घेऊन वन्यजीव खात्याच्या कार्यालयात गेली. तेथील तरुण अधिकाऱ्याने तो काट्यावर ठेवला, वजन लिहून घेतले आणि हे काय आहे असे विचारले. लग्नाचा आहे, असे सांगितल्यावर तो उभा राहिला, एवढे तिच्या लक्षात आहे. त्या होळीत तिचा चुडा होता की नाही हे तिने कधी विचारले नाही.

मी तिला विचारले, वाईट वाटले का? ‘वाटते ना,’ ती म्हणाली. ‘रोज वाटते. आईचा होता.’ आणि मग घड्याळाकडे पाहून उठली. सहा वाजले होते, पाणी प्यायचे राहिले होते.

निघताना तिने आमच्या पिशव्या पुन्हा बांधल्या, चहाची पाकिटे कपड्यांमध्ये सरकवली आणि एक लहानसा कागदी पुडा माझ्या हातात दिला. त्याच नातीचे येत्या माघात लग्न आहे. वराकडची मंडळी राजकोटची आहेत आणि त्यांना लाल-पांढरा चुडा हवाच आहे. हस्तिदंत नाही, हाड नाही. लाखही नको, कारण लाक्षावाणिज्य हेही पंधरांतलेच आणि लाखेत किड्यांचा संहार. तेव्हा भुलेश्वरला किंवा कोठेही शोधून, ज्यात जीव गेलेला नाही असा चुडा पाहून ठेव, पैशाकडे पाहू नकोस, असे तिने सांगितले. पुड्यात नातीच्या हाताच्या मापाचा दोरा आहे, गाठ मारलेला. तो मी पासपोर्टच्या कप्प्यात ठेवून भिवंडीला आणला. आतापर्यंत चार दुकाने पाहिली. दोघांनी प्लास्टिकचा दाखवला, एकाने नक्की कशाचा आहे ते सांगितले नाही, आणि चौथ्या म्हाताऱ्या चुडीवाल्याने दोरा हातात घेऊन, माप पाहून, आठ दिवसांनी या म्हणून सांगितले आहे.